पारदर्शक जेसो: फसलेले चित्र न पुसता पुढे नेणारे अस्तर

पारदर्शक जेसो, म्हणजे रंगवण्याआधी पृष्ठभागावर द्यायच्या अस्तराचा खालचे न झाकणारा प्रकार, हे चित्रकाराच्या कपाटातले बरेचसे दुर्लक्षित साहित्य आहे, आणि ते तसे राहू नये असे मला मनापासून वाटते. लिननच्या कापडाचा किंवा लाकडाच्या फळीचा मूळ रंग दिसत राहावा म्हणून पांढऱ्या अस्तराऐवजी हे लावावे, एवढाच त्याचा उपयोग सहसा सांगितला जातो. तो उपयोग खराच आहे, पण या साहित्याची खरी ताकद कोऱ्या पृष्ठभागावर कळत नाही. ती कळते अर्ध्यात अडलेल्या, मनासारख्या न उतरलेल्या आणि आता यात काय करावे हे सुचेनासे झालेल्या चित्रावर. अशा चित्रावर पारदर्शक जेसोचा एक पातळ हात दिला की खालचे सगळे काम डोळ्यांसमोर राहते आणि तरीही त्यावर कोळसा, खडू (पेस्टल), पेन्सिल, शाई, कागद यांपैकी हवे ते माध्यम घेऊन नव्याने काम सुरू करता येते. हे परीक्षण मुख्यतः त्याच उपयोगाला धरून लिहिले आहे. एकाहून अधिक उत्पादकांच्या बरण्या वापरून झालेले मत यात आहे, त्यामुळे जिथे फरक जाणवला तिथे तो सांगितला आहे.

आधी बरणीत काय असते ते पाहू, कारण पुढचे सगळे गुणदोष तिथूनच निघतात. जुन्या काळी लाकडी फळ्यांवर खडूची किंवा जिप्समची पूड आणि प्राण्यांच्या कातड्यापासून काढलेला सरस यांचे मिश्रण थरांवर थर देऊन लावत आणि घासून गुळगुळीत करत. ते अस्तर सुंदर पण कडक असे, त्यामुळे ताणलेल्या कापडावर ते तडकत असे. १९५५ मध्ये लिक्विटेक्स या नावाने पाण्यात मिसळणारे ॲक्रिलिक रंग चित्रकारांच्या हाती आले आणि पुढे जेसोही ॲक्रिलिकचा, म्हणजे लवचीक, झाला. आजच्या पांढऱ्या जेसोत ॲक्रिलिक पॉलिमर, खनिज पूड आणि टायटॅनियमचा पांढरा रंग असतो. टायटॅनियम खालचे झाकतो आणि खनिज पूड पृष्ठभागाला पकड देते. पारदर्शक जेसोत झाकणारा पांढरा रंग वगळलेला असतो आणि वाळल्यावर जवळजवळ दिसेनाशी होणारी बारीक, टणक खनिज कणी ठेवलेली असते. बरणीत तो दुधट दिसतो, कारण पाण्यात तरंगणारे पॉलिमरचे सूक्ष्म कण प्रकाश विखुरतात. पाणी उडून गेले की ते कण एकमेकांत मिसळून सलग पापुद्रा होतात आणि दुधटपणा बहुतांशी जातो. बोट फिरवल्यावर अगदी बारीक पॉलिशपेपरसारखा स्पर्श तेवढा उरतो.

हा खरखरीत स्पर्श म्हणजेच या साहित्याचा सगळा अर्थ आहे. वाळलेल्या ॲक्रिलिक रंगाचा पृष्ठभाग प्लॅस्टिकसारखा बंद आणि निसरडा असतो. त्यावर कोळशाची कांडी घसरते, पेन्सिल चमकदार ओरखडे काढते, खडूची पूड धरत नाही आणि पातळ शाई थेंबाथेंबांनी गोळा होते. चित्र दुरुस्त करायला घेतलेला माणूस त्यामुळे पुन्हा त्याच ब्रशकडे आणि त्याच रंगाकडे वळतो, ज्यांनी चित्र अडले होते, आणि आधीच जड झालेल्या रंगावर आणखी रंग चढत जातो. माध्यम बदलण्याची मोकळीक मिळाली तर हात बदलतो, हात बदलला की रेषा बदलते, आणि कित्येक अडलेल्या चित्रांना नेमकी त्या वेगळ्या रेषेचीच गरज असते. पारदर्शक जेसो ही मोकळीक देतो, आणि तिच्या बदल्यात खालच्या चित्राचा बळी मागत नाही.

फसलेले चित्र क्वचितच पूर्णपणे फसलेले असते. त्याचे भ्रमणध्वनीवर छायाचित्र काढून ते कृष्णधवल करून पाहिले, किंवा चित्र उलटे धरून आरशात पाहिले, तर बहुधा एकच दोष ठळकपणे समोर येतो: सगळे रंग मधल्या छटेत अडकलेले असतात. गडद पुरेसे गडद नसते, उजळ पुरेसे उजळ नसते, आणि नजर कुठे थांबावी हे चित्र सांगत नाही. त्याच चित्रात आकाशाचा एखादा कोपरा, पाण्यातले एखादे प्रतिबिंब किंवा चेहऱ्याची एक बाजू मात्र इतकी सहज उतरलेली असते की ती पुन्हा तशी जमेलच याची खात्री देता येत नाही. पांढऱ्या जेसोने हे सगळे एकदमच जाते. कॅनव्हास वाचवणे एवढाच हेतू असेल तर त्यात गैर काही नाही. व्हॅन गॉगनेही जुने कॅनव्हास पुन्हा वापरले, आणि त्याने १८८७ मध्ये रंगवलेल्या गवताच्या एका चित्राखाली शेतकरी स्त्रीचा चेहरा असल्याचे २००८ मध्ये क्ष-किरणांच्या साहाय्याने रंगांसकट पाहता आले. पण तिथे खालच्या चित्राने वरच्या चित्राला काही दिले नाही. मिश्रमाध्यमातल्या दुरुस्तीत खालच्या चित्राने वरच्याला सतत काहीतरी देत राहावे, अशी अपेक्षा असते.

प्रत्यक्ष काम कसे चालते हे एका नेहमीच्या उदाहरणावरून सांगतो. ॲक्रिलिकमधले निसर्गचित्र आहे, मागे टेकड्या, मध्ये झाडी, पुढे पाणी. झाडीतले हिरवे रंग एकमेकांत मिसळून मळकट झाले आहेत, टेकड्या आणि झाडी एकाच अंतरावर असल्यासारख्या दिसतात, पाणी मात्र चांगले जमले आहे. प्रथम ओलसर कापडाने धूळ आणि हाताचा तेलकटपणा पुसून घ्यावा. जिथे रंग जाड आणि चमकदार आहे तिथे बारीक पॉलिशपेपर पाण्यात बुडवून हलकेच फिरवावा. कोरडे घासू नये, कारण रंगाची आणि खनिजाची धूळ श्वासात जाणे चांगले नाही. मग बरणी न हलवता एखाद्या काडीने तळापासून सावकाश ढवळावी. हलवल्याने हवेचे बुडबुडे होतात आणि ते वाळल्यावर टाचणीच्या टोकाएवढ्या छिद्रांच्या रूपाने दिसत राहतात. न ढवळता वरचेच घेतले तर कणी तळाशी राहते आणि हाती नुसता पातळ, गुळगुळीत लेप येतो.

लेप चपट्या, कृत्रिम केसांच्या ब्रशने, एका दिशेने आणि शक्य तितका पातळ द्यावा. तो वाळल्यावर आडव्या दिशेने दुसरा. मला स्वतःला दोन पातळ हात हे प्रमाण योग्य वाटते. एका हातात पकड ठिकठिकाणी कमी-जास्त राहते, आणि तिसऱ्यापासून खालच्या रंगांची धार कमी होऊ लागते. पाणी घालायचे असेल तर अगदी थोडे घालावे, कारण जास्त पाण्याने बांधून ठेवणारा पॉलिमर विरळ होतो, कणी सैल राहते आणि पुढे खडू घासताना खालचा थरच निघू लागतो. पाण्याचा जो भाग चांगला जमला आहे त्यावर जेसो दिलाच पाहिजे असे नाही. तो भाग सोडून बाकीच्यावर दिला तर मूळ चमकदार पाणी आणि सभोवतालचा मॅट पोत यांच्यातला फरकही चित्राच्या कामी येतो.

थर वाळला की खरा आनंद सुरू होतो. वेलीच्या कोळशाची मऊ कांडी घेऊन मळकट झाडीत बिनधास्त गडद आकार रेखावेत, टेकडीची कड नव्याने शोधावी, नजर थांबायला हवी ती जागा ठरवावी. चुकीची वाटलेली रेषा ओल्या कापडाने पुसली की जवळजवळ पूर्ण जाते आणि खालचे चित्र जसेच्या तसे राहते, कारण ते आता बंद झालेले आहे. फसलेल्या चित्रासमोर हात आखडतो तो आणखी बिघडेल या भीतीने, आणि या बरणीने ती भीती बऱ्याच अंशी जाते; माझ्या दृष्टीने तिचा हा सर्वांत मोठा गुण आहे. रेषा पक्की झाली की पातळ ॲक्रिलिक रंगाने किंवा ॲक्रिलिक शाईने गडद भाग भरावेत. पातळ रंग खरखरीत पृष्ठभागावरच्या बारीक खळग्यांत उतरतो आणि उंचवट्यांवरून ओघळतो, त्यामुळे सपाट मळकट हिरव्यावर एक सूक्ष्म कणीदार छटा येते, जी ब्रशने ठिपके देऊन कधीच इतकी नैसर्गिक येत नाही. शेवटी मोजक्या जागी फिकट खडूचे स्पर्श द्यावेत. खडू उंचवट्यांवरच बसतो, खळग्यांतला गडद रंग मधून दिसत राहतो, आणि प्रकाश झाडीतून झिरपल्यासारखा वाटतो.

आता दोषाकडे येतो. पारदर्शक या विशेषणावर पूर्ण विश्वास ठेवू नये. फिकट आणि मध्यम छटांवर हे अस्तर खरोखरच दिसत नाही, पण काळ्या, गडद निळ्या किंवा गडद तपकिरी रंगावर एक पुसट धुके उतरते, आणि थर जाड असेल तर ते धुके ठळक होते. कारण साधे आहे: जी कणी पकड देते तीच प्रकाश विखुरते, त्यामुळे पकड हवी असेल तर थोडे धुके पत्करावे लागते. ज्या चित्राचे सगळे सौंदर्य खोल काळ्या रंगात आहे, उदाहरणार्थ रात्रीच्या दृश्यात किंवा गडद पार्श्वभूमीवरच्या व्यक्तिचित्रात, तिथे मी हे अस्तर सरसकट लावण्याचा सल्ला देणार नाही. वरून चमकदार ॲक्रिलिक माध्यमाचा पातळ हात दिला तर खोली बऱ्याच प्रमाणात परत येते, पण मग पकड जाते. म्हणून हा उपाय सर्व कोरडे काम संपल्यावरच, आणि खडूचा भाग सोडून, करण्याजोगा आहे.

हाच दोष जागा ओळखून वापरला तर उपयोगी पडतो. दूरच्या वस्तू हवेच्या थरामुळे फिकट आणि निळसर दिसतात हे प्रत्येक निसर्गचित्रकार शिकतो. वरच्या उदाहरणातल्या टेकड्यांवर जेसोचा एक जास्तीचा हात दिला तर त्या आपोआप मागे सरकतात, आणि झाडीवर तो दिला नाही तर झाडी पुढे येते. याहून उपयुक्त गोष्ट म्हणजे जेसोतच रंगाचे काही थेंब मिसळणे. एकमेकांशी न जुळणाऱ्या रंगांच्या चित्रावर गेरूच्या किंवा पिवळ्या मातीरंगाच्या अतिशय विरळ छटेचा पारदर्शक जेसो दिला, की विखुरलेले रंग एका उजेडात आल्यासारखे दिसतात आणि त्याच वेळी पुढच्या कामासाठी पकडही तयार होते. नुसत्या रंगाच्या पातळ थराने पहिले काम होते, दुसरे होत नाही. साध्या जेसोने दुसरे होते, पहिले होत नाही. दोन्ही एकाच थरात मिळतात म्हणून मी या पद्धतीची शिफारस विशेष आग्रहाने करतो. छटा मात्र आधी कागदाच्या तुकड्यावर वाळवून पाहावी, कारण ओली असताना ती दुधटपणामुळे बरीच फिकट दिसते आणि वाळल्यावर गडद होते.

कोणते माध्यम या अस्तरावर किती रमते हे सारखे नाही. कोळसा आणि मऊ खडू उत्तम बसतात, तरी खास खडूसाठी बनवलेल्या खरखरीत कागदाइतके खडूचे थर हे अस्तर धरत नाही. दोन-तीन थरांनंतर खळगे भरतात आणि पुढची पूड गळू लागते. ग्रॅफाइटची पेन्सिल छान, जरा काळपट आणि मखमली रेघ देते. रंगीत पेन्सिली मात्र फार झपाट्याने झिजतात आणि मोठा भाग भरायला गेले तर पांढरट ठिपके राहतात, म्हणून त्यांचा वापर रेघांपुरता ठेवावा. पाण्यात विरघळणाऱ्या मेणखडूंसाठी हा पृष्ठभाग जणू बनवलेलाच आहे: कोरडी रेघ ओढावी, ओल्या ब्रशने अर्धी विरघळवावी, अर्धी तशीच ठेवावी, आणि एकाच खुणेत चित्रण व रंगकाम दोन्ही साधावे. फक्त लक्षात ठेवावे की हे खडू वाळल्यावरही पाणी लागताच पुन्हा सुटतात. त्यावर आणखी ओले काम करायचे असेल तर आधी फिक्सेटिव्हचा, म्हणजे सुटी पूड किंवा रंग जागेवर धरून ठेवणाऱ्या द्रवाचा, हलका फवारा आणि मग जेसोचा नवा हात हवा. बुडवून लिहायची निब आणि नाजूक टोकाची पेने या पृष्ठभागावर वापरू नयेत. निब कणीत अडकून शाई उडते आणि पेनांची टोके लवकर निकामी होतात. शाई घ्यायची तर रंगद्रव्याची घ्यावी, कारण विरघळणाऱ्या रंगांच्या पुष्कळशा शाया उजेडात फिकट होत जातात, आणि एवढे श्रम घेऊन सावरलेले चित्र फिकट होऊ देणे योग्य नाही. तेलखडू ठसठशीत बसतात, पण ते पूर्णपणे कधीच वाळत नाहीत आणि त्यांच्यावर पाण्याचे कोणतेही माध्यम टिकत नाही, म्हणून त्यांची पाळी सगळ्यांत शेवटी.

कागद चिकटवण्याच्या कामात पारदर्शक जेसोला मर्यादित गुण देतो. काही जण तोच गोंद म्हणून वापरतात. पातळ टिश्यू कागद त्याने चिकटतो हे खरे, पण जाड कागदाच्या कडा उचलल्या जातात, आणि कणीमुळे कागद व पृष्ठभाग यांच्यात हवेच्या बारीक जागा राहतात. या कामासाठी मॅट जेल, म्हणजे बिनचमकीचे घट्ट ॲक्रिलिक माध्यम, वेगळे घ्यावे. ते कागदाच्या मागे आणि चिकटवायच्या जागी असे दोन्हीकडे लावावे, कागद मध्यापासून कडांकडे दाबत न्यावा, आणि जेल अर्धवट वाळले असताना पुन्हा हात लावू नये, कारण तेव्हा त्याचा पापुद्रा फाटून गोळे होतात. कागद चिकटल्यावर मग त्यावर पारदर्शक जेसो द्यावा. तेव्हा तो फार मोलाचे काम करतो. चिकटवलेला कागद आणि भोवतालचा रंग हे दोन वेगवेगळ्या जगांतले वाटणे हा कोलाजचा नेहमीचा रोग आहे. दोहोंवरून एकच कणीदार थर गेला की कोळशाची एकच रेघ कागदावरून रंगावर न अडखळता जाते आणि तो तुकडा चित्राचाच भाग होतो. कागद निवडताना वर्तमानपत्र टाळावे. त्यातल्या लिग्निन या लाकडातल्या घटकामुळे ते पिवळे आणि ठिसूळ होत जाते, आणि वरचा ॲक्रिलिकचा थर हे थांबवू शकत नाही. रंगीत टिश्यूतला रंग ओल्या जेलमध्ये पसरतो आणि उजेडातही फारसा टिकत नाही. पांढरा टिश्यू घेऊन तो स्वतः ॲक्रिलिकने रंगवणे बरे.

कागद चिकटवून चित्र सावरण्याबद्दल कुणाच्या मनात कमीपणाची भावना असेल तर अमेरिकन चित्रकार ली क्रॅस्नर हिचे उदाहरण पाहावे. १९५३ मध्ये स्टुडिओच्या भिंतीवर लावलेली स्वतःचीच काळी-पांढरी चित्रे तिला असह्य झाली आणि तिने ती फाडून जमिनीवर टाकली. काही काळाने परत आल्यावर त्या तुकड्यांतच तिला काहीतरी सापडले. ते तुकडे तिने जुन्या कॅनव्हासांवर चिकटवून त्यांवर रंग चढवला, आणि त्यांतले काही कॅनव्हास १९५१ मधल्या तिच्या प्रदर्शनातली, विकली न गेलेली चित्रे होती. १९५५ मध्ये न्यूयॉर्कच्या स्टेबल गॅलरीत ही कोलाजे मांडली गेली आणि आज ती तिच्या महत्त्वाच्या कामांत मोजली जातात. नावडलेली चित्रेच तिथे कच्चा माल झाली. जुन्या कॅनव्हासातल्या उभ्या रंगपट्ट्या नव्या तुकड्यांच्या मधून दिसत राहतात आणि रचनेला आधार देतात, हे पाहिले की खालचे चित्र दिसत ठेवण्याचे मोल वेगळे सांगावे लागत नाही.

आता जिथे हे साहित्य वापरूच नये त्या जागा. तैलचित्रावर ॲक्रिलिकचा कोणताही जेसो देऊ नये. तेल हवेतला प्राणवायू घेऊन महिनोन्महिने वाळत राहते, त्याचा पृष्ठभाग पाण्याच्या माध्यमाला नीट धरत नाही, आणि वरचा थर पुढे सुटतो किंवा तडकतो. उलट क्रम, म्हणजे ॲक्रिलिकच्या अस्तरावर तैलरंग, चालतो, आणि पारदर्शक जेसो त्यासाठी चांगला आधार आहे. त्यामुळे अडलेल्या ॲक्रिलिक चित्राला तैलरंगात पुढे नेणे हाही एक उत्तम पर्याय ठरतो. जुने चित्र कशात रंगवले आहे हे आठवत नसेल तर एका कोपऱ्यात कापसावर आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन घासून पाहावे. ॲक्रिलिक लवकर मऊ होऊन कापसाला रंग लागतो, नीट वाळलेला तैलरंग तितक्या सहज सुटत नाही. चित्रावर व्हार्निश असेल तर मात्र या कसोटीवर विसंबू नये, कारण कित्येक व्हार्निशे स्वतःच अल्कोहोलने सुटतात. व्हार्निशवर जेसो देणे तसेही चुकीचेच, कारण पुढे कधी ते व्हार्निश काढायची वेळ आली तर त्यावरचे सगळे नवे काम त्याच्याबरोबर जाईल. मेणाच्या किंवा तेलखडूच्या कामावरही हे अस्तर टिकत नाही.

जलरंगाची गोष्ट मधली आहे. जलरंग डिंकाने बांधलेला असल्याने पाणी लागताच सुटतो, आणि जेसोचा ब्रश त्यावर फिरवला की रंग ओढला जाऊन रेघोट्या उमटतात. फिक्सेटिव्हचे दोन-तीन हलके फवारे देऊन, ते वाळल्यावर मऊ रुंद ब्रशने एकाच फेरीत, पुन्हा न घासता जेसो दिला तर बहुतेक चित्र शाबूत राहते. कागद पातळ असेल तर तो वाकतो, म्हणून आधी फळीवर चिकटवून घ्यावा. पण एवढे करूनही जलरंगाची जी मूळ ओलसर, कागदातून उजळणारी पारदर्शकता असते ती या मॅट थराखाली काहीशी मावळते. ज्या जलचित्राची ती पारदर्शकता शिल्लक आहे, त्यावर मी हे अस्तर वापरणार नाही. ज्यात ती आधीच अतिकामाने गेली आहे, त्यात गमावण्यासारखे काही उरलेले नसते.

बरण्यांतला फरक मुख्यतः कणीत आहे. लिक्विटेक्सचा पारदर्शक जेसो या वर्गातला परिचित आहे आणि त्याची पकड जोरदार आहे. खडू आणि कोळसा वापरणाऱ्याला ती आवडेल, अतिशय बारीक पेन्सिलकाम करणाऱ्याला कदाचित जरा जास्त वाटेल. गोल्डन या कंपनीचे खडूसाठीचे ॲक्रिलिक अस्तर, म्हणजे पेस्टल ग्राउंड, या नावाने मिळणारे साहित्यही याच कामाला येते. स्वस्तातल्या काही बरण्यांत कणी असमान असते आणि मधूनच मोठा दाणा ब्रशखाली येऊन ओरखडा काढतो. एका बरणीतला जेसो इतका पातळ निघाला की दोन हात देऊनही खडू घसरत राहिला. विकत घेण्यापूर्वी शक्य असेल तर एखाद्या नमुन्यावर बोट फिरवून पाहावे: खरखर सर्वत्र सारखी लागली पाहिजे. पारदर्शक जेसो आणि मॅट माध्यम यांत गोंधळ करू नये. मॅट माध्यम चमक कमी करते, पण त्यात ही पकड नसते, आणि दुकानांत दोन्ही बहुधा शेजारीशेजारी, सारख्याच दिसणाऱ्या बाटल्यांत ठेवलेली असतात.

वापरातल्या काही गोष्टी थोडक्यात. ही कणी ब्रश झिजवते, म्हणून चांगले ब्रश यात बुडवू नयेत आणि काम संपताच ब्रश धुवावा, कारण वाळलेले ॲक्रिलिक पाण्याने निघत नाही. साधारण ९ अंश सेल्सिअसच्या खाली ॲक्रिलिकचा पापुद्रा नीट जमत नाही, तेव्हा थंड खोलीत काम करू नये. थर तासाभरात स्पर्शाला कोरडा वाटतो, तरी जोरात खडू घासण्याआधी त्याला एक रात्र द्यावी. तेवढ्याने पृष्ठभाग पुष्कळ कणखर होतो. पूर्ण झालेल्या चित्रात खडूचे काम उघडे असेल तर त्यावर व्हार्निश देऊ नये, कारण फिकट खडू ओला होताच गडद होतो आणि शेवटचे, सर्वांत मोलाचे उजळ स्पर्श नाहीसे होतात. असे चित्र काचेखाली, काच आणि पृष्ठभाग यांत अंतर ठेवून लावावे. कोळशावर आणखी थर द्यायचा असेल तर आधी फिक्सेटिव्ह हवे, नाहीतर जेसोच्या ब्रशबरोबर कोळसा पसरून राखाडी छटा होते. आकाशात ढग उतरवायला हीच पसरट राखाडी मुद्दाम वापरता येते, आणि ती फार देखणी दिसते.

ॲक्रिलिक वा इतर पाण्याच्या माध्यमात काम करणाऱ्या, आणि कोपऱ्यात अडलेली चित्रे साठलेल्या प्रत्येकाला मी हे साहित्य निःसंकोच सुचवीन. फक्त तैलरंगात काम करणाऱ्याला ते अस्तरापलीकडे उपयोगाचे नाही. पहिल्यांदा घेताना लहान बरणी घ्यावी, कारण पातळ लेपांमुळे ती पुष्कळ चित्रांना पुरते आणि वारंवार उघडलेली मोठी बरणी कडांना सुकू लागते. सुकलेले तुकडे पुन्हा विरघळत नाहीत, ते पुढच्या लेपात गुठळ्या होऊन येतात. ज्यांच्याकडे मॅट माध्यम आधीच आहे त्यांनी त्यात बारीक प्युमिस जेल, म्हणजे ज्वालामुखीच्या सच्छिद्र दगडाची पूड असलेले ॲक्रिलिक जेल, मिसळून पाहिले तरी चालेल. पकड त्यानेही येते, फक्त ती जरा राखाडी छटा धरते, त्यामुळे फिकट आणि स्वच्छ रंगांच्या चित्रासाठी तयार पारदर्शक जेसोच घ्यावा.